काचेवरची हळद

मित्रांनो, मी एक टोपण आहे. हसू नका. शाईच्या पेनाचं नाही, इन्सुलिनच्या पेनाचं. माझ्या अंगावर नखाएवढी काच आहे. शेवटची सुई केव्हा घेतली आणि किती युनिट घेतली, ते मी तिच्यावर दाखवतो. जेवणाआधीची सुई चुकून दोनदा घेतली, तर रक्तातली साखर उतरत जाते आणि माणूस उभ्या जागी कोसळतो. तसं होऊ नये म्हणून माझा जन्म. मला हे एकच काम येतं, आणि तेही लोक मला धड करू देत नाहीत!

कारखान्यात मला मऊ कापडाने पुसलं, खोक्यावर ‘जपून हाताळा’ असं छापलं. मला ते खरं वाटलं. तिथून आलो तो थेट विंझरला, ठकुबाईंच्या घरी. आदल्या पावसाळ्यात ठकुबाई सुई घेतल्याचं विसरून पुन्हा घेऊन बसल्या होत्या आणि शेणाच्या पाटीसकट गोठ्यात पडल्या होत्या. म्हणून त्यांच्या पुण्याच्या लेकीने, सुलक्षणाने, मला आणलं.

सुरुवातीला काय माझं कौतुक! “आमच्या आत्यांच्या सुईला घड्याळ हाय,” असं सून अश्विनी साऱ्या आळीला सांगत सुटली. मग नव्याची नवलाई सरली. ठकुबाई मला पेनासकट पानाच्या चंचीत कोंबू लागल्या. माझ्या खाचांत चुना बसला. मी जेवणाच्या वेळी टीं टीं केलं, की “किरकिऱ्या मेला!” हे माझं बक्षीस.

ठकुबाईंचे मालक गेनबा मात्र मला फार मान देत. त्या मानानेच तर घात केला.

खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. अश्विनी पुरणपोळ्या लाटत होती. “आत्या, पान वाढतेच,” ती म्हणाली आणि ठकुबाईंनी दहा युनिट घेतले. मी ते काचेवर दाखवलं. सगळं कसं यथास्थित!

तेवढ्यात गेनबांनी मला पेनासकट उचललं आणि कोयता, कुऱ्हाड, फाळ यांच्या रांगेत ठेवलं. “हिचा जीव ह्याच्यावर चाललाय. ह्याला इसरून कसं चालंल?” म्हणाले, आणि माझ्या काचेवर हळदीचं जाड बोट ओढलं. वर कुंकू. वर झेंडू. माझ्यापुढे गुळाचा खडा ठेवला. मी आंधळा झालो, मित्रांनो, आणि सगळ्यांनी मला हात जोडले!

मग गेनबांना विहिरीवरची मोटर आठवली. तिचीही पूजा हवी, तिलाही नैवेद्य हवा. ते खाली गेले, आणि तिथे चुलतभावाच्या मोटरीपाशी गप्पांत रंगले. ते परत येऊन देवाला नैवेद्य दाखवीपर्यंत घरात कुणी घास मोडायचा नाही, अशी रीत. पण अंगात गेलेल्या इन्सुलिनला रीत कोण सांगणार?

ठकुबाईंना घाम फुटला. हात थरथरू लागले. “सुई घ्यायाची ऱ्हायली वाटतं,” असं पुटपुटत त्यांनी मला पूजेतून उचललं. काचेकडे पाहिलं, तर नुसतं पिवळं. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, टीं टीं टीं!

“सणासुदीचं तरी गप ऱ्हा की!” त्या माझ्यावरच करवादल्या आणि पेनाला सुई लावू लागल्या.

माझा गलका ऐकून अश्विनी पिठाच्या हाताने धावत आली. तिने पदराने माझी काच पुसली.

“आत्या! घेतलीया की तुमी मगाशीच! आता अजून घेतली तर उठायच्या न्हाई.” तिने पेन हिसकावलं आणि साखरेची वाटी पुढे केली. “घ्या, तोंडात टाका.”

ठकुबाईंनी तोंड घट्ट मिटलं. मग म्हणाल्या, “देवाच्या आधी? जन्मात न्हाई खाल्लं.”

काय म्हणावं या बाईला! ओठ पांढरे पडलेत, डोळे फिरतायत, आणि हट्ट बघा! अश्विनी रडकुंडीला आली. तेवढ्यात गेनबा दारात आले. त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला आणि हातातलं ताट तसंच खाली ठेवलं. सरळ पूजेकडे गेले, माझ्यापुढे ठेवलेला गुळाचा खडा उचलला.

“ठके, ह्यो निवद टोपणाचा. त्याला दावून झालाय. आता परसाद हाय, त्याला न्हाई म्हणतीस व्हय?”

परसादाला त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. गूळ विरघळला, मग साखरपाणी, मग पोळी. हळूहळू हात थरथरायचे थांबले. गेनबा त्यांच्याजवळ बसून होते. अंगठ्याने माझी काच पुन्हा पुन्हा पुसत होते, आता पुसायला काही उरलं नव्हतं तरी.

मित्रांनो, माझ्यासारखं टोपण तुमच्याही घरात असेल. पूजा करायची तर खुशाल करा, पण हळद माझ्या पाठीला लावा, काचेवर नको. सुई टोचण्याआधी एकदा माझ्याकडे बघा आणि सुई घेतली की कुणाचीही वाट न बघता जेवा. माझ्यापुढे गूळ मात्र जरूर ठेवा. तो मला लागत नाही, पण घरात कुणाला केव्हा लागेल, सांगता येत नाही.