नऊ चिंध्या

लाखनीच्या त्या निवासी महाविद्यालयात एक नियम होता, जो कुठल्याच भिंतीवर लिहिलेला नव्हता. ज्या बटणाला, नळाला, पंख्याला चिंधी बांधलेली असेल, त्याला हात लावायचा नाही. चिंधी निघाली की समजायचं, दुरुस्त झालं. हा नियम यादोराव वायरमनचा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी तो नोकरीला लागला आणि यंदा निवृत्त होऊन एकोडीला आपल्या घरी गेला. तोवर आवारातल्या एकूण एक वस्तूची नोंद त्यानं रजिस्टरात ठेवली. मोटर कधी आणली, कधी जळली, कोणी भरून दिली, सगळं. बिघडलेल्या वस्तूपुढे एकच शब्द असायचा: चिंधी.

हसू नका. तिथं झाडणारी, पाणी भरणारी निम्मी माणसं अंगठा उठवणारी. त्यांना पाटी लावून काय उपयोग? चिंधी अंधारातही हाताला लागते.

मग संस्थेला शहाणपण सुचलं. इमारतींची सगळी देखभाल म्हणे आता सॉफ्टवेअरवर. प्रत्येक वस्तूचा फोटो, प्रत्येकीला क्रमांक, प्रत्येकीवर स्टिकर. कंपनीची माणसं आली आणि दोन दिवसांत फोटो काढून गेली. फोटो स्वच्छ यायला हवेत म्हणून त्यांनी चिंध्या सोडल्या. नऊच्या नऊ. सोडल्या आणि कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. कोणाला विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभागाबाई मुलींच्या वसतिगृहाच्या मोटरीपाशी गेली. पाणी चढवायचं काम तिचं. वर्षभर त्या मोटरीला चिंधी होती, म्हणून ती मेसमागच्या बोअरवरून पाणी घेत होती. आज चिंधी दिसली नाही. "झाली वाटते दुरुस्त," असं म्हणत तिनं बटण दाबलं आणि मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. जीव वाचला, पण उजवा हात पोळला. प्रबंधक प्रफुल्ल सरांनी बटणाच्या पेटीला काळी टेप मारून घेतली आणि प्रकरण मिटलं असं जाहीर केलं.

यादोरावच्या रजिस्टरातलं सगळं सॉफ्टवेअरमध्ये भरायचं काम खुशबू रामटेकेकडे होतं. एकोडीचीच पोरगी, कंत्राटी ऑपरेटर. चारशे बारा नोंदी होत्या. चारशे तीन भरून झाल्या आणि घोडं अडलं. 'स्थिती'च्या रकान्यात दोनच पर्याय होते, चालू किंवा मोडीत. ती उठून सरांकडे गेली.

"सर, नऊ वस्तू चालूबी नाहीत अन् मोडीतबी नाहीत. यांचं काय करू?"

"मोडीत काढाले अध्यक्षांची सही लागते. चालू लिही."

"होस्टेलची मोटर पण? चंद्रभागामावशीच्या हाताची पट्टी निघाली नाही अजून."

"टेप मारली ना? सोमवारी अध्यक्ष साहेब येऊन राहिले. पडद्यावर सगळं हिरवं पाहिजे मले." सरांनी फाइल मिटली. "अन् तुझी ऑर्डर या महिन्यात संपते, ध्यानात आहे ना?"

खुशबूच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिच्या नावानं लॉगिन, तिच्या बोटांनी खोटं, आणि उद्या कोणी मेलं तर नोंद करणारी कोण? तीच! संध्याकाळी एसटीतून उतरून ती आपल्या घरी न जाता थेट यादोरावच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"जय भीम, काका."

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. चिंध्या सोडल्याचं ऐकून तो हसला होता, चंद्रभागाबाईचं ऐकलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला.

"पाटी सोडून चिंधी काहून बांधली मी? तिच्यासाठीच तं बांधली. तिले वाचता येत नाही." मग तो म्हणाला, "चिंधी लिहाले जागा नाही म्हणतेस. पण वस्तूचं नाव लिहाले तं जागा आहे ना?"

निघताना त्यानं आणखी एक गोष्ट तिला शिकवली. ती पुढे येईलच.

सोमवारी सभागृह भरलं. पडद्यावर चारशे बारा ओळी, सगळ्या हिरव्यागार. प्रफुल्ल सरांची छाती फुगली. अध्यक्ष जुने मास्तर, त्यांना समोर दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय.

"मुलींचे वसतिगृह, मोटर क्रमांक दोन, चिंधी बांधलेली, हात लावू नये." ते थांबले. "मोटरीचं हे कोणतं नाव?"

सभागृहात हशा पिकला. प्रफुल्ल सर घाईनं उठले. "टायपिंगची चूक साहेब. नवीन पोरगी आहे."

शेंडी तुटो की पारंबी, असं मनाशी म्हणत खुशबू उभी राहिली.

"चूक नाही साहेब. समजून-उमजून लिहिलं मी. अशा नऊ आहेत." आणि तिनं सगळं सांगितलं. रजिस्टर, चिंध्या, कचऱ्याचा डबा, चंद्रभागाबाईचा हात. एक शब्द गाळला नाही.

"मोटर चालू आहे साहेब," प्रफुल्ल सर ओरडले. "खोटं बोलून राहिली ही!"

"चालू आहे ना सर? मग चला. बटण तुम्हीच दाबा."

आता कोणी हसलं नाही. अध्यक्ष उठले, त्यांच्यामागे सगळी सभा मोटरीपाशी आली. चंद्रभागाबाई तिथंच होती, हात पट्टीत. प्रफुल्ल सर पेटीजवळ गेले. हात पुढे केला. टेपेकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं, आणि हात पँटच्या खिशात गेला.

"वायरमनला बोलवा," ते म्हणाले.

"दाबा नं साहेब," चंद्रभागाबाई शांतपणे म्हणाली. "मी तं दाबलं होतं."

सरांनी खिशातून हात काढला नाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "चारशे बारा ओळी हिरव्या," एवढंच ते म्हणाले आणि प्रबंधकाला घेऊन कचेरीकडे चालू लागले. खुशबूच्या ऑर्डरबद्दल कोणी काही बोललं नाही. तिनंही विचारलं नाही.

गर्दी पांगल्यावर तिनं पर्समधून रुमालात गुंडाळलेला मोटरीचा फ्यूज काढून चंद्रभागाबाईला दाखवला. यादोरावनं शिकवलेलं ते हेच. सकाळी मेन बंद करून तिनं तो काढून घेतला होता. सरांनी बटण शंभरदा दाबलं असतं तरी मुंगी चावली नसती. पण ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होतं ते आपण काय लिहायला लावलं, तेवढंच.

म्हातारी खदखदून हसली. मग डाव्या हातानं कमरेची पिशवी सोडून तिनं एक मळका निळा तुकडा बाहेर काढला. "डब्यातून उचलून ठेवली होती मी. यादोरावच्या हातची आहे."

खुशबूनं ती चिंधी बटणाला बांधली, दोन गाठी मारून.

"आठ राहिल्या मावशी," ती म्हणाली. "चल."