एका हाकेला ओ देऊ नये

मी कानटोपी बोलतेय. पुण्यामुंबईकडे मला माकडटोपी म्हणतात आणि वर हसतात. हसू देत. थंडी वाजायला लागली की तेच लोक मला शोधत फिरतात. रंग तपकिरी, टाळूवर गोंडा, हनुवटीखाली एक बटण, असं माझं साधं रूप आहे. सध्या मुक्काम आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमधल्या एका घरात, मागच्या दाराशेजारच्या खुंटीवर. या घरात आता माझ्या जिवावर उठण्याची भाषा सुरू झाली आहे, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

जन्म माझा देवरूखचा. खरं तर तो पुनर्जन्म, कारण आधी मी एक स्वेटर होते, रुपेशचा, तो शाळेत जायला लागला तेव्हाचा. त्याच्या आईने, सुमित्राबाईंनी, तो जपून ठेवला होता. रुपेश इकडे नोकरीला आला, त्याने आईवडिलांना बोलावलं, तेव्हा सुमित्राबाईंनी तो ट्रंकेतून काढला आणि नवऱ्याच्या टोपीसाठी उसवायला घेतला.

लोकर काही विसरत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. काखेजवळचा भाग उसवताना माझ्यातून खोकल्याची एक ढास बाहेर पडली. लहान मुलाची, कोरडी. सुमित्राबाईंचा हात थांबला. त्या दारापर्यंत जाऊन आल्या. अंगणात कुणी नव्हतं. पुन्हा येऊन धागा गुंडाळू लागल्या.

मग सुया घेऊन मला विणलं. विणताना नवऱ्याला सारखं बजावत, "तिकडे वारं फार आहे म्हणे. कानात शिरू देऊ नका." पुरुषोत्तमराव पेपरातून डोकं वर न काढता हूं म्हणत.

हे पुरुषोत्तमराव एसटीत कंट्रोलर होते. देवरूखच्या स्टँडवर गाडी लागली की तीनदा पुकारायची, हा त्यांचा जन्माचा परिपाठ. एकदा पुकारलेलं कुणाच्या कानात शिरत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरीही तोच खाक्या. बायकोने "अहो" म्हणून हाक मारली की पहिली कानामागे, दुसरीही कानामागे, तिसरीला ओ. रानात एकच हाक आली तर ओ देऊ नये, ओ दिली की माणूस त्या हाकेमागे जातो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. सुमित्राबाई म्हणत, "भुताखेतांचा नियम मला कशाला लावता?" पण तिन्ही हाका त्या एका दमात मारत. वाट पाहणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

त्यांना बर्फाला हात लावायचा होता. व्हिसा आला आणि तिकिटं काढायच्या आत एका सकाळी त्या गेल्या. ओट्यापाशीच कोसळल्या. पुरुषोत्तमराव बाहेर पेपर वाचत होते. त्या दिवशी "अहो" एकदाच आलं होतं. दुसरं आलंच नाही, आणि ते दुसऱ्याची वाट बघत बसले.

हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नाही. पण रात्री झोपताना ते मला घालतात, आणि डोक्यात काय चाललंय ते टोपीपासून कसं लपणार?

एकटेच आले इकडे. रुपेश चेरीवूडला ऑफिसात जाई, सून मैत्रेयी घरून केकच्या ऑर्डरी घेई, नात नेत्रा शाळेत. पुरुषोत्तमराव मला घालून ॲडम्सटाउनच्या स्टेशनावर जाऊन बसत. तिथे यंत्र पुकारा करतं, आणि तोही एकदाच, याचं त्यांना फार वाईट वाटे. घरी नेत्राला गोष्टी सांगत, चकव्याच्या, हाकांच्या. ती सगळं समजून घेई आणि इंग्रजीत उत्तरं देई. मैत्रेयी केकवर क्रीम लावता लावता ऐके.

फेब्रुवारी सरत आला आणि फोनवर हवामानाचा अंदाज झळकला. इथून दिसणाऱ्या विकलोच्या डोंगरमाथ्यावर बर्फ, वर जोराचे वारे, उंचावरच्या रस्त्यांवर जपून. नकाशात तेवढाच भाग पिवळा, म्हणजे सावधगिरीचा इशारा. पुरुषोत्तमराव म्हणाले, जाऊ या. रुपेशने इथल्या सवयीने तो पिवळा रंग झटकून टाकला. "येलोच आहे, बाबा. इथे येलो म्हणजे ग्रँड, काही होत नाही. ऑरेंज असतं तर गोष्ट वेगळी."

रविवारी दुपारी निघालो. डोंगर चढलो तसं झुडपांवर, दगडांवर, रस्त्याच्या कडेला पांढरं दिसू लागलं. रुपेशने एका मोकळ्या जागी गाडी उभी केली. नेत्रा बर्फाचे गोळे करू लागली. पुरुषोत्तमरावांनी हातमोजा काढून बर्फावर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यांचे कान गरम झाले, ते मला कळलं.

मग म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." याचा अर्थ तुम्हाला कळला असेलच. सुनेसमोर लघवीला जातो कसं म्हणायचं, आणि जवळच आडोसा कसा धरायचा? आमचे पुरुषोत्तमराव भिडस्त. एका खडकामागे गेले, तिथून गाडी दिसते म्हणून पुढच्या खडकामागे, आणि तिथून आणखी पुढे.

पँटचं बटण लावता लावता वारा आला. बर्फ वरून पडत नव्हता, आडवा येत होता. बघता बघता खडक गेले, उतार गेला, आभाळ गेलं. भरदुपारी सगळीकडे नुसतं पांढरं. ते आले त्या दिशेने चालू लागले. थोड्या वेळाने समोर बुटांचे ठसे दिसले. हायसं वाटलं. ठशांवरून चालत गेले, तर पुढे तेच ठसे दुहेरी झाले. ते त्यांचेच होते.

"चकवा," ते म्हणाले, अगदी सहज, एखादी गाडी ओळखावी तसं. चकवा लागला की चालू नये, आहे तिथे बसावं. ते एका खडकाला टेकून बसले. त्यांच्या कपाळातली ऊब हळूहळू कमी होऊ लागली. टोपी किती पुरी पडणार?

आणि मग हाक आली.

"अहो."

उजवीकडून, खालून, एकदाच. वाऱ्याने न मोडलेली. ओट्यापाशी उभं राहून मारावी तशी.

मला विणणाऱ्या बाईंचा आवाज मी ओळखणार नाही होय? माझा टाकान् टाका त्या आवाजात विणलेला आहे. पुरुषोत्तमरावांचे ओठ उघडले. ओ गळ्यापर्यंत आली होती. पण सबंध आयुष्याची सवय आडवी आली, आणि ते दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले. दुसरी आली नाही.

त्यानंतर मागून, लांबून, आवाज आला, "बाबा." रुपेश होता. तोही एकदाच ओरडला आणि वाऱ्याने पुढचं नेलं. पुरुषोत्तमरावांनी याही हाकेला ओ दिली नाही. आता ते डोळे मिटत होते. मी आक्रोश करत होते, पण लोकरीचा आक्रोश कुणाला ऐकू येतो? रुपेशचा आवाज दुसरीकडे वळला, लांब गेला.

मग मैत्रेयीचा आवाज आला. स्टँडवर गाडी पुकारावी तसा, स्पष्ट, एकामागून एक.

"बाबा. बाबा. बाबा."

"ओ," पुरुषोत्तमराव म्हणाले.

तिला गोष्ट आठवली होती. नवऱ्याला तिने मागाहून सांगितलं, "तू एकेकदा ओरडत होतास. बाबा एका हाकेला ओ देतील का?" वारा पडल्यावर त्यांनी पाहिलं, खडकाच्या उजवीकडे काही पावलांवर जमीन संपत होती. खाली कडा, कड्याखाली काळं तळं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मैत्रेयीने चहा दिला तेव्हा पुरुषोत्तमराव म्हणाले, "नेत्राची आजी होती ती. मी ओ दिली नाही."

"बाबा, तिथे मेंढ्या असतात. कुणीतरी मेंढ्यांना हाकारत असेल."

"असेल. पण आता पुन्हा आली, तर एकच का असेना, मी ओ देणार."

तेव्हापासून मैत्रेयीचं त्यांच्यावर लक्ष असे.

दुसरी हाक मार्चमध्ये आली. पुरुषोत्तमराव अंघोळीला गेले होते, मी खुंटीवर. मागच्या दाराच्या फटीतून वारा आला आणि त्याबरोबर ती. "अहो." फक्त मी ऐकली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. सुमित्राबाईंनी दोन हाकांमध्ये कधी श्वाससुद्धा घेतला नाही. ही जी कुणी होती, तिला घाई नव्हती. आवाज त्यांचा होता, पण ही सबुरी त्यांची नव्हती.

मार्च सरता सरता पुन्हा अंदाज आला, डोंगरावर हिवाळ्याचा शेवटचा बर्फ आणि जोराचे वारे. संध्याकाळी पुरुषोत्तमराव मागचं दार उघडून उभे राहिले, बोडक्याने. घरांच्या छपरांपलीकडे डोंगरांची पांढरी रेघ दिसत होती. त्यांनी सपातांसकट एक पाय बाहेर टाकला. मान कलती केली, कान पुढे केला.

मैत्रेयी धावत आली. तिने मला खुंटीवरून ओढलं आणि मागून त्यांच्या डोक्यावर चढवून कानांवर घट्ट खेचलं. म्हणाली, "बाबा, वारं कानात शिरू देऊ नका."

हे शब्द कुणाचे, ते तिला कुठून माहीत असणार? त्याच क्षणी तिसरी आली. अगदी कानाशी, कुंपणाच्याही अलीकडून. मी माझे सगळे टाके आवळले आणि ती आत धरून ठेवली.

"काही म्हणालीस?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"नाही, बाबा. आत चला."

ते आत आले. त्यांना वाटतं, हाक अजून यायची आहे. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दाराशी बसतात. मी त्यांचा जीव वाचवला, की एका नवऱ्याची बायकोशी भेट चुकवली? मला ठाऊक नाही. पण कानात वारं शिरू द्यायचं नाही, एवढ्या एकाच कामासाठी मला विणलं होतं, आणि ते मी केलं.

आता माझी वीण डाव्या कानाशी विरली आहे. काल मैत्रेयी मला उजेडात धरून म्हणत होती, लोकर अजून छान आहे, उसवून नेत्राला मफलर होईल. पुरुषोत्तमराव शेजारीच बसले होते, उघड्या कानांनी.

तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत असेल, तर एवढं सांगा. मला फेकून द्या, जाळा, हवं तर कुत्र्याला अंथरायला घाला. पण माझा धागा ओढू नका.

लोकर काही विसरत नाही.