चोवीस अक्षरांचा शेरा

“म्हणजे सगळे शेरे पुसणार?” इनाओकाबाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण हातातला चहाचा कप त्यांनी टेबलावर जरा जोरातच ठेवला.

“सगळे,” आमचे केंद्रप्रमुख कात्सुबे साहेब म्हणाले. “वरून आलंय. मी काय करणार?” आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं, कारण पुसणारा मी होतो.

२००५ सालचा मार्च. जपानमधल्या आमच्या भागातली तीन गावं आणि एक नगर मिळून महिनाअखेरीला एक शहर होणार होतं. आमच्या संगणक केंद्रातल्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकावर, सहकारी संस्थेच्या गॅस-ग्राहकांच्या एकतीस हजार नोंदी होत्या आणि त्या प्रत्येकीतला पत्ता बदलायचा होता. इनाओकाबाई आणि त्यांच्या पाच सहकारी ते काम हाताने करायच्या. नोंद उघडायची, जुना पत्ता खोडायचा, नवा टंकायचा, बंद करायची. मग दोघींनी समोरासमोर बसायचं, एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने पेन्सिलीने खूण करायची. या हिशेबाने चार महिने लागले असते. मी संगणकावरचं एक साधन वापरायचं ठरवलं. त्याला नियम लिहून द्यायचे, अमुक दिसलं तर तमुक कर, की ते साऱ्या नोंदी एका दमात बदलून मोकळं होतं. चाचणीत अकरा मिनिटं लागली. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि त्या अकरा मिनिटांचा मला एवढा गर्व झाला होता की घरी आईलासुद्धा दोनदा सांगून झालं होतं.

शेऱ्यांचं प्रकरण त्यात मागाहून घुसलं. प्रत्येक नोंदीच्या तळाशी चोवीस अक्षरांची एक जागा होती. नियमाप्रमाणे ती रिकामीच. पण सिलिंडर पोचवणारी माणसं संध्याकाळी परत आली की इनाओकाबाई त्यांना चहा देत, आणि ती जे सांगत ते चोवीस अक्षरांत बसवून तिथे टंकत. सव्वीस वर्षं. “ऐकू कमी. मागच्या दाराने जा.” “आजी एकट्या. दार न उघडल्यास लेकीला फोन.” “दुपारनंतर पितात. अकराच्या आत जा.” “कुत्रा चावतो. मालकही.” नवीन माणूस कामावर आला की हे शेरे वाचूनच गावात शिरायचा. असे चार हजार एकशे बारा शेरे जमले होते. आणि एप्रिलपासून खासगी माहितीचा नवा कायदा लागू होणार होता. लोकांना न विचारता त्यांच्याविषयी असलं काही लिहून ठेवता येणार नव्हतं. पत्ते बदलताना शेरेही पुसा, असा आदेश आला.

“विचारून ठेवलं तर?” बाईंनी विचारलं.

“चार हजार माणसांना?” साहेब हसले.

“विचारून ठेवलं तर चालेल ना, तेवढं सांगा.”

साहेबांनी कायद्याचं पत्रक दोनदा उलटंपालटं केलं आणि चालेल म्हणाले. बाई माझ्याकडे वळल्या. माझ्या साधनाला, कुठले शेरे पुसायचे नाहीत हे सांगता येईल का? मी म्हटलं, ग्राहक क्रमांकांची यादी द्या, येईल सांगता. सत्तावीसला, रविवारी, केंद्र बंद असताना काम चालवणार, तेव्हा यादी पंचवीसला, शुक्रवारी पाच वाजेपर्यंत हवी. त्यांनी कमरेत वाकून आभार मानले, जागेवर गेल्या आणि फोन उचलला. सोमवार होता, तारीख सात. एकतीसला त्यांची साठी भरून त्या निवृत्त होणार होत्या.

खरं सांगायचं तर मला वाटलं, बाई उगीच जिवाला त्रास करून घेतायत. जाताजाता कोण एवढं मनाला लावून घेतं? जेवणाच्या सुट्टीत मी तसं बोलूनही दाखवलं आणि दोघंचौघं हसले. पुढचे दहा दिवस मी शेजारच्या खोलीत बसून नियम तपासत होतो. काम कधीच पूर्ण झालं होतं. कौतुक पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी ते पुन्हापुन्हा तपासत होतो, एवढंच.

अठरा तारखेला, शुक्रवारी, यादी कशी लिहायची ते सांगायला मी त्यांच्याकडे गेलो. दिवसभर रिसीव्हर धरून कान दुखायला लागला म्हणून त्यांनी फोनचा स्पीकर लावला होता. समोरच्या कागदावर नाव होतं फुकुमा, समुद्राकडच्या वस्तीतलं. म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला. बाईंनी आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं.

“तुमच्या नोंदीत आम्ही एक शेरा लिहिलाय, फुकुमा-सान. न विचारता लिहिला, त्याची माफी मागते. ‘पत्नी झोपलेली असते. बेल नको.’ एवढाच आहे. राहू दिला तर चालेल का?”



“कधी लिहिलात?”

“तेरा वर्षं झाली.”

“ती जाऊन सात वर्षं झाली,” म्हातारा म्हणाला.

इनाओकाबाई खुर्चीतून उठल्या आणि फोनसमोर खाली वाकल्या. तो माणूस तिथे असता तरी त्या याहून वेगळं वाकल्या नसत्या. आम्हाला कळायला हवं होतं, म्हणाल्या, फार चुकलं.

“म्हणून तो तुमचा माणूस टाकी खांद्यावर घेऊन येतो होय,” म्हातारा म्हणाला. “शेजारी घरंगळवत नेतो, धडाधडा आवाज करत. माझ्याकडे मात्र मांजराच्या पावलांनी. मला वाटायचं, हा माझ्या म्हातारपणाला भितो.”

“आजच काढून टाकते मी ते.”

“नको,” म्हातारा म्हणाला. “राहू द्या. सात वर्षं कोणी उठवलं नाही तिला. आता कशाला उठवायचं?”

बाईंनी पेन्सिलीने कागदावर खूण केली. मी यादीबद्दल काही न बोलताच माझ्या खोलीत परत आलो आणि दार लावून घेतलं. मला रडू आलं, ते लपवण्यासारखं काही नाही.

सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी सकाळी मी माझी खुर्ची उचलून बाईंच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. त्यांनी काहीही न विचारता अर्धे कागद माझ्याकडे सरकवले. पहिल्याच फोनवर माझी बोबडी वळली. ‘तुम्ही दुपारनंतर पिता’ हे वाक्य सभ्यपणे कसं विचारायचं? मी अडखळत वाचलं. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, “अकरा? आता दहा लिहा.” कुत्र्याच्या घरी फोन लावला तर मालकाने सांगितलं, कुत्रा गेला, मी अजून चावतो. एक आजी तर रागावल्या. ऐकू कमी येतं हे गावभर झालंय की काय, म्हणाल्या. मग विचारलं, “पण तो पोरगा मागच्या दाराने येतो, ते यामुळेच का? मग राहू दे बाबा.” आणि मला बजावलं की त्याला लोणच्याचा मुळा ठेवलाय, न्यायला सांग.

दोघं मिळून आम्ही दिवसाला सत्तरएक घरं करत होतो. शुक्रवारी पाचला साहेबांनी यादीवर शिक्का मारला. एकदा शिक्का पडला की त्यात एक क्रमांकही वाढवता येत नाही. सहाशे एक्केचाळीस नावं होती.

रविवारी मी एकटाच येणार होतो. पण साडेनऊला इनाओकाबाई दारात होत्या, कामाच्याच निळ्या पोशाखात. मी सगळं मांडून ठेवलं. नियम, यादी, जुन्या नोंदींची प्रत. नवा कायदा म्हणून ती प्रतही संध्याकाळी नष्ट करायची होती. फक्त एक कळ दाबायची राहिली तेव्हा बाई पुढे झाल्या.

“मी दाबू का?”

मी म्हटलं, तुम्ही नका दाबू. तुम्हाला वाईट वाटेल.

“लिहिलंय मी,” त्या म्हणाल्या. “मग पुसायचं दुसऱ्याने कशाला?”

त्यांनी कळ दाबली. अकरा मिनिटं आम्ही दोघंही उभेच होतो. मग छपाईयंत्र खडखडलं आणि मी कागद फाडून वाचून दाखवला. पत्ते सगळे बदलले. राखलेले शेरे सहाशे एक्केचाळीस. पुसलेले तीन हजार चारशे एकाहत्तर.

“सहाशे एक्केचाळीस लोक हो म्हणाले,” मी त्यांची समजूत काढायला गेलो. “थोडेथोडके नाहीत, इनाओका-सान.”

“‘नाही’ असं कोणीच म्हणालं नाही, तोगावा-सान,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांना विचारायचं राहून गेलं.”

त्या मला टोचून बोलल्या नव्हत्या, तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण मी दहा दिवस शेजारच्या खोलीत बसून होतो, आणि दिवसाला पस्तीस घरं म्हणजे किती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माफी मागायचीही त्या दिवशी राहून गेली.

सोमवारी मी आलो तेव्हा बाईंचा फोन चालू होता. समोर कागद नव्हते, ते तर जुन्या प्रतीबरोबर नष्ट झाले होते. पुसलेले शेरे आता फक्त त्यांच्या डोक्यात होते, आणि तिथून पुसायला माझ्याकडे कुठलं साधन नव्हतं. त्या फोनच्या पुस्तिकेतून एकेक नाव काढत, घर आठवत, विचारत आणि हो आलं की लगेच हाताने नोंद उघडून टंकत. सव्वीस वर्षं जसं करत होत्या अगदी तसंच. मी कोट खुंटीला लावला, खुर्ची ओढली आणि म्हटलं, तुम्ही नावं सांगा, मी टंकतो. त्यांनी मान हलवली, एवढंच. सोमवार, मंगळवार, बुधवार आम्ही जेवलोही तिथेच. साहेब एकदा डोकावले, काहीतरी बोलणार होते, मग स्वतःच चहा आणून ठेवून गेले.

एकतीसला, गुरुवारी, पाच वाजता सगळं केंद्र बाईंच्या टेबलाभोवती जमलं. साहेबांच्या हातात मोठा गुच्छ होता. त्यांनी निरोपाचं भाषण लिहून आणलं होतं, आणि खोकून घसाही साफ केला. इनाओकाबाईंनी त्यांच्याकडे न बघता एक बोट वर केलं, जरा थांबा म्हणून. सगळे थांबले. फोनवर ऐकू कमी येणाऱ्या आणखी एक आजी होत्या.

“आजी,” त्या फोनमध्ये मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, “आमच्या माणसाला मागच्या दाराने यायला सांगू ना?”

मी हात कळांवर ठेवून वाट बघत होतो.