ब्रूनोनचा सरडा

मिठाच्या जुन्या कोठाराची डागडुजी करून गावाने तिथे तृणमण्यांचं, म्हणजे झाडांच्या राळेचे लाखो वर्षांत दगड होऊन बनलेल्या खड्यांचं, संग्रहालय काढलं, तेव्हा गेर्ट्रूडाबाई कोंकेलनी राखणीसाठी दुसऱ्या मजल्यावरचीच खुर्ची मागून घेतली. कुठेही बसलं तरी पगार तोच. पण दुसऱ्या मजल्यावर त्यांचा नवरा होता. म्हणजे त्यांनीच संग्रहालयाला दिलेला त्याचा खडा तिथे काचेत होता, मधासारखा पिवळा, आत बोटभर सरडा, आणि खाली पाटी: 'नोव्हेंबरच्या वादळात ब्रूनोन कोंकेल यांना समुद्रात सापडला.' ब्रूनोनला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याचं नाव कबरीच्या दगडावरही होतं, पण तिथे वाचायला कोण कडमडतंय!

तिकिटाच्या खिडकीतली रीटा रोज सकाळी विचारायची, "काय गं, उठला का तुझा सरडा?"

"उठला. तुझ्या नवऱ्याच्या आधी उठला," असं म्हणून त्या जिना चढायच्या. दिवसभराचं बोलणं ते एवढंच. हिवाळ्यात तर वर चिटपाखरूही फिरकत नसे. घरी जाऊन एकटीपुरतं सूप करायचं म्हटलं, तरी अजून हाताला सवय दोघांचीच होती.

त्या खड्यामागे एक जुनं दुखणं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली, दोन दिवस जगली आणि गेली. त्या दोन्ही दिवसांत ब्रूनोन घरी फिरकला नव्हता. वादळ सुटलं की इकडचे पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळ्याने शेवाळ ओढतात, तृणमणी त्यातच अडकलेले असतात. अशा वेळी पुरुषाला कोणी घरी बोलवायला जात नाही. हे त्यांनी माहेरीही पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तो आला, ओल्या रुमालात हा खडा घेऊन. "गेर्ट्रूडा, असा खडा शंभर वर्षांत एकदा येतो. कसा सोडून येऊ, सांग?" त्यांनी खडा पाहिला आणि नवऱ्याला माफ केलं. पुढे त्याने तो विकायला कधी काढला नाही. मनाला टोचत असेल बिचाऱ्याच्या, असं त्या समजत आल्या.

फेब्रुवारीत मार्सेली नावाचे नवे अधिकारी आले, पोरसवदा आणि फार नम्र. खरे-खोटे पारखायला त्यांनी एकेक खडा काढून जांभळ्या दिव्याखाली धरायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी ते दुसऱ्या मजल्यावर आले.

"गेर्ट्रूडाबाई, जरा बसता का?"

"मी दिवसभर बसलेलीच असते, साहेब. बोला."

"हा खडा खरा आहे, पण दोन तुकड्यांचा आहे. आत पोकळी कोरून सरडा ठेवलाय आणि वरून राळ भरलीय. दिव्याखाली सांधा स्पष्ट दिसतो. हात मात्र कसबी हं! एकेक थर वाळवत केलेलं काम आहे, तीनेक आठवडे तरी लागले असतील."

तीन आठवडे. वादळ तर जेमतेम दोन दिवस होतं. म्हणजे तो रुमाल ओला करून घरी येण्याआधीच खडा तयार होता. मग ते दोन दिवस हा माणूस कुठे होता? गेर्ट्रूडाबाईंच्या डोक्यात संताप उसळला, आणि तो काढायचा कोणावर, तर मेलेल्यावर! चाळीस वर्षं त्या समुद्राला दोष देत आल्या होत्या.

मार्सेली खाली मान घालून म्हणाले, "आता तो तळमजल्यावरच्या नकली मालात ठेवावा लागेल. पाटीवर नाव राहील, पण पुढे 'फसवणुकीसाठी बनवलेला' असं लिहायचा नियम आहे. तुम्हाला यातलं काही ठाऊक होतं का?"

नाही म्हटलं असतं तर ते खरंच ठरलं असतं. पण मग त्या दोन शब्दांत ब्रूनोन कायमचा लबाड ठरला असता, तेही रीटाच्या खिडकीसमोर.

"ठाऊक नसायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "माझ्यासमोरच तर केला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी पोटुशी होते, मला काही सुचत नव्हतं, म्हणून मला हसवायला. त्या सरड्याला मीच धरून दिलं."

मार्सेलींचा चेहरा खुलला. त्यांनी तिथल्या तिथे वहीत लिहून घेतलं: 'बायकोच्या करमणुकीसाठी.'

"काय झकास माणूस असेल हो! घरात नुसता हशा असेल तुमच्या."

"हो ना," गेर्ट्रूडाबाई म्हणाल्या. "सारखा घरीच असायचा."