वारसाचे बारा रिव्हेट

गॅदरकोल घराण्याने तीन पिढ्यांत वाफेची नऊशे इंजिने बांधली आणि एकही पुस्तक वाचले नाही. त्यामुळे शताब्दीसाठी कारखान्याचा इतिहास हवासा झाला तेव्हा इंग्लंडातल्या लिंकनशरमधल्या त्या गावची शाळामास्तरीण शोधावी लागली. विनिफ्रेड लेगेट हे नाव ऐकून कोणाची भुवईही हलली नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी बॉयलर फुटून मेलेल्या चालकाचे आडनाव लेगेट होते, हे लक्षात ठेवणे म्हणजे त्याला माणूस मानणे. तेवढे औदार्य या घराण्याला कधी झेपले नव्हते.

विनिफ्रेडने काम पत्करले ते एका वाक्यापायी. कारखान्याच्या दप्तरात लिहिले होते : ‘४१२ क्रमांकाचे इंजिन मळणीवर फुटले. चालकाने सेफ्टी व्हॉल्व्ह तारेने बांधला होता.’ वाफ कोंडून अपघात ओढवल्याचा ठपका चालकावर ठेवणाऱ्या या वाक्यामुळे तिची आई मरेपर्यंत लाजेने चॅपेलच्या शेवटच्या बाकावर बसली. ते वाक्य तिला खोडायचे होते, आणि तेही गॅदरकोलांच्याच सोनेरी कडांच्या ग्रंथात.

बॉयलरखात्याचा म्हातारा फोरमन पास्क चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, “थोरला मुलगा एकविसाचा झाला की बँड वाजायचा, बिअरची पिंपं उघडायची, आणि पोरगं नव्या बॉयलरवर बारा रिव्हेट, पत्रे सांधायचे लालभडक तापवलेले खिळे, ठोकायचं. वारसाचे रिव्हेट! एव्हरार्डसाहेबांनी चारशे बारावर ठोकले. गप्पा हाणत, निम्मे गार झाल्यावर. चाचणीत पाणी पाझरलं.”

“मग कापून नवे का नाही मारले?”

“मालकाच्या लेकाचा रिव्हेट कापायचा? कोणाची छाती होती, पोरी? कडा ठोकून बुजवल्या, वर हिरवा रंग फासला आणि टाळ्या पिटल्या. मीसुद्धा पिटल्या.”

सरकारी निरीक्षकाचा अहवाल जिल्ह्याच्या कचेरीत पडून होता. व्हॉल्व्ह मोकळा होता. बॉयलर फायरबॉक्सशेजारच्या, म्हणजे भट्टीलगतच्या सांध्यात, सलग बारा रिव्हेटांवर उसवला होता. तो अहवाल घराण्यातल्या कोणीही कधी मागवला नव्हता; विनिफ्रेडने मागवला.

एव्हरार्ड आता अध्यक्ष होता. पेट्रोलच्या ट्रॅक्टरांनी धंदा अर्धा गिळला होता. शताब्दीच्या मेजवानीत कोणते सूप वाढावे, यावर संचालक दोन बैठका भांडले होते. तिसऱ्या बैठकीत विनिफ्रेडला बोलावणे आले.

“मिस लेगेट, माझ्या रिव्हेटांच्या समारंभाला अर्धंच पान?”

“खात्री नव्हती, साहेब. गावात म्हणतात, रिव्हेट कारागिरांनी मारले. तुम्ही नुसता हातोडा धरलात.”

एव्हरार्ड बिटासारखा लाल झाला. “कोण गाढव म्हणतो? चारशे बारा! फायरबॉक्सशेजारचा सांधा! बाराच्या बारा माझ्या हातचे, आणि एकालाही पुन्हा कोणी हात लावला नाही.”

“असंच लिहू?”

“शब्द न् शब्द! आणा इकडे, सही करतो.”

धाकटा भाऊ लायनेल चुळबुळला. “एव्ही, चारशे बारा म्हणजे तेच ना, जे...”

“तू गप्प बस. तुला तर हातोडा उचलवलाही नव्हता.”

सही झाली. विनिफ्रेडने शेजारी अहवाल ठेवला आणि त्यातल्या तीन ओळी मोठ्याने वाचल्या. एव्हरार्डला काही कळले नाही. लायनेलने कानाशी लागून समजावल्यावर त्याने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिले.

“तो लेगेट तुमचा कोण?”

“वडील.”

“हे छापता येणार नाही.”

“मग तुमचे रिव्हेटही छापता येणार नाहीत. दोन्ही एकाच सांध्यात आहेत, साहेब.”

एव्हरार्डने मनातल्या मनात तोलून पाहिले. एका पारड्यात एका मनुष्याचा मृत्यू होता, दुसऱ्यात बँड, टाळ्या आणि एकविसावा वाढदिवस. पहिल्याचे वजन त्याला आजही जाणवत नव्हते. दुसरे मात्र सोडवेना.

“रिव्हेट राहू द्या,” तो अखेर पुटपुटला. “तो अहवाल... मागे कुठेतरी टाका. बारीक अक्षरात.”

“आणि व्हॉल्व्हचं वाक्य?”

“काढा, काढा! जेवणाची वेळ झालीय.”

विनिफ्रेडने त्याच्याच लेखणीने हस्तलिखितातले ते वाक्य खोडले. संचालक तोवर सुपाकडे वळले होते.