अडतीस हजारांवर दोन व्याही

आप्पांनी चष्मा कपाळावर सारला, पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकले आणि वाऱ्याच्या तक्त्यावरून बोट वरून खाली फिरवलं. अडतीस हजार फुटांवर समोरून एकशे बारा नॉट. छत्तीसवर अठ्ठ्याण्णव. चौतीसवरही तीच रड. बोट घसरत अठ्ठावीसवर आलं आणि थांबलं. तिथे वारा होता अवघा चौतीस.

"सापडला!" ते म्हणाले. "वर नुसता धिंगाणा चाललाय आणि खालचा रस्ता मोकळा. आज मास्तरांना धूळ चारतो की नाही बघ."

बायको शेजारच्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. हलवणारच, कारण ते जमिनीला पोचतच नव्हते. परवाच आप्पांनी त्या खुर्चीच्या चारी पायांना खाली लाकडाचे ठोकळे ठोकले होते.

"नातीला पडदा दिसावा म्हणून खुर्ची उंच केलीत, ते ठीक," ती म्हणाली. "पण मी आता खाली कशी उतरू ते सांगा."

"चढताना विचारायचं होतंस."

चौतीस वर्षं बस चालवून आप्पा घरी बसले, ते फार दिवस बसले नाहीत. लेकीने घरात कॉम्प्युटर आणून ठेवला आणि आप्पा पडद्यावर विमान उडवायला लागले. त्यांचं बघून त्यांचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, यांनीही तेच खूळ घेतलं. व्याही गणिताचे मास्तर. दोघांच्या गावांमध्ये रेल्वेचा एक दिवस आणि एक रात्र. महिन्यातून एकदा दोघांची शर्यत लागायची. विमान दोघांचं सारखंच, इंधन दोघांनाही दोन तासांचं, हवा त्या घटकेला खऱ्या आभाळात असेल ती. मास्तरांच्या गावाहून निघायचं आणि पश्चिमेला आप्पांच्या गावी उतरायचं. किती उंचीवरून जायचं ते ज्याने त्याने ठरवायचं, गुपचूप, आणि मग बदलायचं नाही. सगळी मजा त्या उंचीत होती.

पहिल्याच शर्यतीत आप्पा तोंडघशी पडले होते. तक्त्यात वाऱ्यापुढे दोनशे सत्तर अंश, म्हणजे पश्चिम, असं लिहिलेलं होतं. आप्पांना वाटलं, वारा पश्चिमेला चाललाय, आपणही तिकडेच चाललोय, छान सोबत झाली. निवडला सगळ्यांत जोराचा वारा. तो पश्चिमेकडून येणारा निघाला. त्यांचं विमान बैलगाडीच्या चालीने पोचलं, तोवर मास्तरांचं जेवण होऊन डुलकीही काढून झाली होती.

"ड्रायव्हरसाहेब," मास्तर महिनाभर ऐकवत होते, "पाहुण्याला विचारतो तसं वाऱ्याला विचारायचं. कुठून आलात? कुठे चाललात, असं नाही!"

आजची शर्यत मात्र थट्टेची नव्हती. आज नात पणाला लागली होती. दरवर्षी महिनाभर यायची, पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे. यंदा लेक-जावयाला सुट्टी मिळाली दहाच दिवसांची, आणि त्यातले दोन गाडीत घालवण्यात अर्थ नव्हता. 'एकाच घरी येऊ, कुठे ते तुम्ही दोघं ठरवा,' म्हणून जावयाने अंग काढून घेतलं. जो आधी उतरेल त्याच्या घरी नात. दुसऱ्याने वर्षभर फोनवर बघायचं.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ती खुर्चीवरून धपकन उतरली आणि आत गेली. आप्पांना फक्त "हो का विहीणबाई?" आणि "अगंबाई" एवढंच ऐकू आलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचं हसू अर्ध्यावर होतं.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात."

"मग सांग लवकर."

"मास्तरांचे डोळे. दोन्ही. सुट्टी संपली की ऑपरेशन आहे, पण गुण किती येईल ते डॉक्टरही सांगत नाहीत. विमानाचे आकडेसुद्धा विहीणबाईच वाचून दाखवतात म्हणे." ती जराशी थांबली. "आणि नातीची गोष्टींची पुस्तकं आहेत ना, ती भिंग घेऊन पाठ करतायत. ती आली की पुस्तक समोर धरून वाचल्यासारखं करायचं. तिला कळू द्यायचं नाही."

आप्पा उठून पाणी प्यायले. खिडकी उघडीच होती, ती पुन्हा उघडल्यासारखी केली. परत येऊन बसले आणि उंचीच्या चौकटीत आकडा टाकला.

"अहो," बायको मागून म्हणाली, "दोनाच्या जागी तीन पडलाय तो. अडतीस झालंय."

"दिसतंय मला."

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उंच खुर्चीत चढून बसली.

तीन वाजता दोघं निघाले. फोन स्पीकरवर होताच.

"ड्रायव्हरसाहेब, हॉर्न वाजवू नका, वर कोणी बाजूला होत नाही."

"तुम्ही फळा पुसून ठेवा मास्तर. आज हरल्याची तारीख लिहायचीय."

विमान चढत गेलं. ढग खाली राहिले आणि निळं आभाळ काळसर झालं. अडतीस हजारांवर पोचताच वेग असा गळाला, की कोणीतरी मागून शेपूट धरल्यासारखं वाटलं. आप्पांनी समाधानाने हात मांडीवर ठेवले. आता मास्तर खालून सुसाट निघाले असतील. त्यांनी नकाशा उघडला.

मास्तरांचं पिवळं विमान पुढे कुठेच नव्हतं. ते शेजारी होतं. आणि त्यापुढे आकडा होता, अडतीस हजार.

"अरे देवा," आप्पा पुटपुटले. "विहीणबाईंनी अठ्ठावीसचं अडतीस वाचलेलं दिसतंय." मग मोठ्याने म्हणाले, "मास्तर, आकड्यात घोटाळा झालाय तुमच्या. खाली या. मी नियम धरत नाही."

"आकडा बरोबर आहे." मास्तरांचा आवाज वर्गातला होता. "अडतीसवर समोरून एकशे बारा, अठ्ठावीसवर चौतीस. तीनदा वाचून घेतलं. तुम्ही कशाला आलात इथे?"

"मी? मी सहज. वरून छान दिसतं."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? मला सगळं कळलंय. खुर्चीला पाय जोडलेत म्हणे नातीसाठी."

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे पाहत होती.

"तुम्ही पुढे व्हा," मास्तर म्हणाले.

"छे, छे, आधी तुम्ही."

आप्पांनी वेग कमी केला. मास्तरांनी त्याहून कमी केला. नकाशावर दोन विमानं दारात अडकलेल्या पाहुण्यांसारखी एकमेकांना वाट देत आभाळात रेंगाळू लागली. फोनमधून विहीणबाईंचं हसू ऐकू आलं, इकडे बायकोनेही तोंडाला पदर लावला. असं बराच वेळ चाललं. मग आप्पांची नजर इंधनाच्या काट्यावर गेली आणि त्यांच्यातला ड्रायव्हर जागा झाला.

"मास्तर, गंमत पुरे. आपण दोघंही पोचत नाही."

पलीकडे आकडेमोड झाली. "खरं आहे. साठ मैल कमी पडतात. रस्त्यात काय आहे?"

"डावीकडे जंक्शनचं गाव. विमानतळ लहान आहे, पण धावपट्टी चांगली. मी पुढे होतो, तुम्ही माझ्या मागोमाग या. विहीणबाई, उंची वाचत राहा."

आधी आप्पा उतरले. मागून मास्तर जरा आपटत, पण सरळ उतरले. दोन्ही विमानं शेजारी शेजारी उभी राहिली. कोणीच जिंकलं नव्हतं.

"माहितीतलं दिसतंय गाव," मास्तर थोड्या वेळाने म्हणाले.

"रात्रीची गाडी घेऊन सोळा वर्षं मुक्कामाला यायचो. तळं आहे, बोटी आहेत. तळ्याकाठी एक लॉज आहे, तिथली मालकीण मला ओळखते." आप्पा थांबले. "तुमच्याकडून संध्याकाळच्या गाडीत बसलं की सकाळी तिथे. आमच्याकडूनही तसंच."



"खोल्या तीन लागतील," विहीणबाई मागून म्हणाल्या.

"दोन पुरतात," बायको फोनकडे तोंड करून म्हणाली. "लेक-जावयाला एक. आपण दोघी नातीला घेऊन दुसरीत. हे दोघं झोपतील व्हरांड्यात."

सगळे हसले. हसणं ओसरल्यावर मास्तरांचा आवाज आला, पण आता तो वर्गातला नव्हता.

"ड्रायव्हरसाहेब, त्या लॉजला पायऱ्या आहेत का हो?"

आप्पांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात, हातात बॅग घेऊन, त्या पायऱ्या एकेक करत चढले.

"आठ," ते म्हणाले. "शेवटची अर्धी आहे."

"आठ," मास्तर हळूच म्हणाले. "शेवटची अर्धी."