कड्यावरचं पिल्लू

बाबा निवृत्त वनरक्षक. पक्षाघाताने पाय गेले तेव्हापासून कड्यावरचं गिधाडाचं घरटं त्यांना दिसलं नव्हतं. आता हृदयही थकलं होतं आणि डॉक्टर फार बोलत नव्हते. मुलाने विचारलं, "काही हवंय का?"

"यंदाचं पिल्लू बघायचं होतं रे."

मुलगा लग्नांचं चित्रीकरण करायचा. सकाळीच ड्रोन घेऊन तो राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या कुरणात गेला. ड्रोनला दिसेल ते घरच्या फोनवर दिसत होतं. आईने फोन बाबांसमोर धरला.

"घ्या, बघा तुमच्या लाडक्यांना. माझ्याकडे कधी इतकं टक लावून पाहिलं नाहीत."

"तू कुठे उडून जाणार होतीस?"

फोनमधून मुलाचा आवाज आला, "बाबा, मी हद्दीच्या दगडाबाहेर उभा आहे. इथून उडवलं तर चालतं ना?"

चालत नव्हतं. उद्यानावरच्या आभाळातही ड्रोनला मनाई होती. याच कुरणात हुज्जत घालणाऱ्या पर्यटकांचे ड्रोन बाबांनी जप्त केले होते, एकालाही सोडलं नव्हतं. ते चित्राकडे बघत राहिले.

"जरा जवळ ने," ते म्हणाले.

कडा मोठा झाला. विष्ठेचे पांढरे ओघळ, काटक्या, मादी आणि तिच्या पुढ्यात, अगदी काठाशी, तिच्याकडे तोंड करून बसलेलं, पंख पुरते न भरलेलं पिल्लू. या जोडीचं वर्षातलं एकुलतं एक. बाबा हसले. आई फोन सोडून त्यांच्याकडेच बघत राहिली. हे हसू घरातून कधीच गेलं होतं.

मादी दचकून उडाली. पिल्लू मागे सरकलं, त्याने पंख उघडले आणि मागे काठ नव्हता.

"मागे घे! अरे, मागे घे!"

फोनवर नुसत्या काटक्या उरल्या.

बाबांनी स्वतःच वनखात्याच्या कार्यालयात फोन लावायला सांगितला. दुपारी वनरक्षक आली. हे काम ती बाबांच्याच हाताखाली शिकली होती. ड्रोन तिने ताब्यात घेतला. पिल्लू कड्याखाली सापडलं होतं, मान मोडलेलं. मुलगा दारातच उभा होता. बाबांची खाट सोडून तो बाकी सगळीकडे बघत होता.

"सर, वाऱ्याने पडलं असं लिहिते. कुणी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय. जवळ ने म्हणून मीच सांगितलं, तेही लिही."

"बाबा, मला माहीत नव्हतं," मुलगा म्हणाला.

"मला होतं."

ती खाली मान घालून लिहीत राहिली. ती निघाली तेव्हा बाबांनी विचारलं, "मादी परतली का?"

"हो, सर. घरट्यातच बसलीये."

बाबांनी मान भिंतीकडे वळवली.